हातच्या कामाचें मोल

वर्षअखेरीस कार्यशाळेंत मांडलेल्या वस्तू पाहून पालकांस आनंद होतो. परंतु त्या वस्तूंवरील चिठ्ठींत लिहिलेला गुणांचा आंकडा कसा ठरला, हें क्वचितच कोणी विचारतो. यंदा तो प्रश्न आम्हीच उपस्थित करूं इच्छितों. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावीपासूनच व्यवसायशिक्षणाची ओळख करून देण्याचें सुचविलें असल्यामुळें तो आतां टाळतां येण्यासारखा नाहीं.

कित्येकांची अशी समजूत असते कीं, निबंधाचे गुण परीक्षकाच्या मर्जीवर अवलंबून असतील. पण लांकडाचा सांधा डोळ्यांसमोर असतो, तेथें मतभेद कसला? हा भ्रम आहे. १९१२ सालीं अमेरिकेंत स्टार्च व इलियट या संशोधकांनीं इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांतील शिक्षकांकडे तपासण्यास धाडली, तों गुणांत तिसाहून अधिक अंतर पडलें. पुढील वर्षीं भूमितीची उत्तरपत्रिका पाठविली, तेव्हां हें अंतर उलट वाढलेंच. भूमितीची ही गत, तर सांध्याची काय कथा? एक परीक्षक त्यांतील फट पाहतो, दुसरा रंध्याची सफाई पाहतो, आणि तिसरा मुलाचा चेहरा पाहतो.

आम्हीही या दोषांतून मुक्त नाहीं. शिवणाच्या एका परीक्षेंत सकाळीं ताज्या नजरेनें ज्या काजास आम्हीं कमी गुण दिले, त्याहून ओबडधोबड काजास सायंकाळीं थकल्यावर अधिक दिले. दोन्ही कापडें शेजारीं ठेवतांच आमची आम्हांसच लाज वाटली. पहिल्या मुलीचा अपराध काय? तिचें काज सकाळीं तपासलें गेलें एवढाच! गुण दुरुस्त केले खरे. पण तीं कापडें घरीं पाठविलीं असतीं, तर हा अन्याय कोणाच्या ध्यानांतही आला नसता.

म्हणून आमच्या मतें चार गोष्टी अवश्य पाळाव्या. मापास किती गुण, घट्टपणास किती, सफाईस किती, हें काम आरंभण्यापूर्वींच मुलांस सांगावें. दोन परीक्षकांनीं प्रथम मागील वर्षांचे उत्तम, मध्यम व कनिष्ठ नमुने एकत्र बसून पाहावे, आणि मग एकमेकांचे आंकडे न पाहतां गुण द्यावे. जेथें फार अंतर पडेल तेथें नियामकानें वस्तू हातीं घेऊन निर्णय करावा. करवत कशी धरली, हत्यारें कशीं सांभाळलीं, हें वस्तूवरून मागाहून कळत नाहीं. त्याची नोंद त्याच वेळीं करावी. शेवटीं, ‘नाचतां येईना अंगण वांकडें’ असें म्हणून मुलास हसण्यापूर्वीं अंगणही पाहावें. बोथट पटाशी हातीं देऊन सुबक कामाची अपेक्षा करणें न्यायाचें नव्हे.

यांत वेळ फार जातो, असा आक्षेप येईल. तो खोटा नाहीं. तर मग वस्तू थोड्या करवाव्या. दहा वस्तू घाईनें तपासण्यापेक्षां चार नीट तपासणें बरें.

‘दोन गुण वाढवून दिले तर काय बिघडतें?’ असें कांहीं पालक प्रेमापोटीं विचारतात. विजेच्या तारेचा सैल जोड तापतो, आणि त्यांतून आग लागूं शकते. ज्याच्या घरीं तो जोड असेल, त्यानें आमच्या शाळेचें प्रमाणपत्र पाहूनच कामगारावर विश्वास ठेवलेला असतो. तसेंच, सुताराचा मुलगा म्हणून अधिक आणि मुलगी म्हणून रंधा मारण्यांत कमी, असे गुण देणें हेंही खोटें मापच होय. पवित्र शास्त्रांतील नीतिसूत्रांनीं खोट्या तराजूचा निषेध केला आहे. तो केवळ वाण्याच्या दुकानापुरता आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंती एवढीच कीं, गुण वाढवून मागूं नका. ते कसे दिले, हें अवश्य विचारा. विचारणें हा आपला हक्क आहे. वस्तू आणि नोंद पुढें ठेवून उत्तर देणें हें आमचें कर्तव्य आहे. आणि विद्यार्थिमित्रहो, कमी गुण मिळाले तर आपली वस्तू नमुन्याशेजारीं ठेवून पाहा. उणीव दिसली तर ती पुढील कामांत भरून काढा. न दिसली तर निर्भयपणें आमच्याकडे या.