अंगणातले बिननावाचे पाहुणे

दिवाळी जवळ आली की घराबरोबर अंगणाचीही झाडलोट सुरू होते, आणि त्या झाडलोटीत दरवर्षी काही निरपराध जीव बळी पडतात. वाफ्यात पिवळी पडलेली पाने लोळताना दिसली, की घरातली कर्ती माणसे फर्मान सोडतात, "ते मेलेले काढून टाका बरे!" पण ते मेलेले नसते, झोपायच्या तयारीत असते. त्याच्या वतीने थोडी रदबदली करावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

कांद्यांतून फुले यायची ती वसंतात, अशी इंग्रजी पुस्तके वाचून आपली समजूत झालेली असते. विलायतेत ते खरेही आहे. आमच्या नाशकात मात्र इथल्या कांद्यांचा वसंत येतो तो वळवाच्या सरीबरोबर. मातीचा वास सुटतो, आणि आठ-पंधरा दिवसांत ओसाड वाफ्यातून हिरवे कोंब डोके वर काढतात. ते लावले कोणी? भाड्याच्या घरात तर आधीच्या बिऱ्हाडाची ती विसरलेली ठेवच!

यंदा जूनमध्ये शेजारच्या वहिनी असलीच हिरवी पात घेऊन आमच्या घरी आल्या. "अहो, ही लसणाचीच ना? चटणीत घालीन म्हणते." आमच्या सौभाग्यवतींनी पात चुरगळून हुंगली. "वास कुठे आहे हिला? टाका आधी, आणि हात धुवा!" ती पावसाळी लिली निघाली. लिलीच्या या जातीचे कांदे पोटात गेले तर उलट्या होतात. कांदा-लसणाची पात चुरगळली की वास आल्यावाचून राहत नाही. पण वास आला म्हणूनही निर्धास्त होऊ नये. गृहिणीच्या बोटांना फोडणीचा लसूण आधीच लागलेला असतो! ओळख पटेपर्यंत तोंडात काही घालायचे नाही, हे उत्तम.

ओळख पटवायची कशी? आधी पाहावे, फूल पहिले की पान. मे महिन्यात उघड्या जमिनीतून लाल केसरांचा चेंडू वर आला, तर ती आफ्रिकेतून आलेली 'मे फ्लॉवर'. रानकांद्याचाही फुलांचा दांडा आधी येतो, पाने मागाहून. मग पान पाहावे. पात बारीक आणि सर पडून गेल्यावर तीन-चार दिवसांत गुलाबी किंवा पांढरी फुले आली, तर ती अमेरिकेकडची पावसाळी लिली. पानाचे टोक वेलीच्या हातासारखे वळून काठीला धरत असेल, तर कळलावी. तिचा कंद नांगरासारखा, म्हणून संस्कृतात 'लांगली'. पाकळ्या ज्वाळेसारख्या, म्हणून 'अग्निशिखा'. नावे सुंदर, पण ती मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी आहे. घरात लहान मूल असेल, तर ती हाताच्या टप्प्यात नसावी. ठिपक्यांच्या देठावर छत्रीसारखे पान उघडले, तर सुरणाचे कुळ समजावे.

एवढे करूनही नाव सापडले नाही, तर खट्टू होऊ नये. फूल येईपर्यंत थांबावे. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीचा डोंगर लागतो. त्या डोंगरावर कंदिलासारखी फुले येणारी एक कंदवर्गीय वनस्पती आहे. पिढ्यान्‌पिढ्या ती तिथे फुलत असणार. पण शास्त्रज्ञांनी तिला 'सेरोपेजिया अंजनेरिका' हे नाव दिले ते 2009 साली. डोंगराला जिथे इतकी वाट पाहावी लागली, तिथे आपण एक पावसाळा थांबायला काय हरकत आहे?

तेव्हा यंदाच्या झाडलोटीत एवढे करावे. पान हिरवे आहे तोवर कापू नये. पुढच्या वर्षीच्या फुलाची शिदोरी ते कांद्यात भरत असते. ते आपोआप वाळले की पाणी तोडावे आणि त्या जागी एक काडी रोवावी. घर बदलणार असाल, तर येणाऱ्या बिऱ्हाडाला ती काडी दाखवून जावे. तुम्हांलाही कोणीतरी न सांगता काही ठेवून गेलेच होते की!