३६ फोटोंचा हिशेब

रिळाचा कॅमेरा होता तेव्हा एका रिळात ३६ फोटो निघत. कळ दाबण्यापूर्वी मनात खर्च मांडला जाई. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा घडविला. एक कृष्णधवल चित्र नोंदविण्यास त्याला २३ सेकंद लागत. निवृत्तीनंतर मी डिजिटल कॅमेरा घेतला आणि रिळाच्या खर्चाबरोबर माझा संयमही संपला. दिवसाला शंभर फोटो, ठेवण्याजोगा एकही नाही!

धडा मिळाला तो कुंभार पिंपळगावातच, कुंभाराच्या चाकापाशी. १/५०० सेकंदात टिपलेले चाक थांबल्यासारखे दिसे. १/१५ सेकंदात टिपले की फिरताना दिसे. तेव्हापासून मी घाई सोडली.

माझे थोरले बंधू फोटोला नेहमी नकार देत. एका सायंकाळी दुकानाच्या गादीवर खतावणी पाहताना, फ्लॅश न लावता मी त्यांना टिपले. गतवर्षी ते गेले. लग्नांच्या अल्बममध्ये ते सर्वत्र ताठ उभे आहेत. आमचे भाऊ सापडले ते त्या एकाच फोटोत.

वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या कामात असताना टिपा. फोटो कागदावर छापून घ्या आणि मागे नाव व तारीख अवश्य लिहा. मोबाइल बदलला की अशी पुंजी हरवण्यास वेळ लागत नाही.