नारळीकरांचा वामन आणि चाकणचे यंत्रमानव

1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या अपरिचित लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. वास्तविक असा कोणी जगताप नव्हताच. जयंत विष्णु नारळीकर यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन हे टोपणनाव रचले होते. परीक्षकांना अक्षराची ओळख पटू नये म्हणून कथेची प्रतही पत्नी मंगला यांच्या हस्ताक्षरात धाडली होती. त्या वेळी त्यांना पद्मभूषण मिळून नऊ वर्षे लोटली होती आणि केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्यासमवेत मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताने त्यांचे नाव जगभर पोहोचले होते. पेढीचे नाव झाकून माल गिऱ्हाइकापुढे ठेवावा आणि त्याने तो केवळ गुणावर पारखावा, असाच हा व्यवहार होता.

पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘व्हायरस’, ‘वामन परत न आला’ अशी पुस्तके येत गेली. त्यांतील ‘वामन परत न आला’ ही कादंबरी पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील वाचकाने आज पुन्हा हाती घ्यावी अशी आहे. एका लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीने जमिनीत पुरून ठेवलेले ज्ञान आजच्या माणसाच्या हाती लागते आणि त्या ज्ञानाच्या आधारे वामन नावाचा यंत्रमानव घडवला जातो. तो आज्ञाधारक आहे, बुद्धिमान आहे आणि अथक काम करणारा आहे. मात्र स्वतःसारखे दुसरे वामन निर्माण करण्याची शक्ती त्याला हवी असते, आणि इथेच संकटाची चाहूल लागते.

हे नाव लेखकाने सहज ठेवलेले नाही. तीन पावले भूमी मागणाऱ्या वामनाची कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. रक्षाबंधनाच्या दिवशी विष्णुकुमार मुनींची कथा ऐकणाऱ्या जैन घरांना तर ती आणखी एका अंगाने परिचित आहे. तेथे वामनरूप घेऊन मागितलेली तीन पावले सातशे मुनींच्या रक्षणासाठी होती. नारळीकरांच्या वामनाची मागणी तितकीच लहान दिसते, पण तिच्यात कोणाचेही रक्षण नाही. मागणाऱ्याचा हेतू न पाहता दान दिले तर काय होते, हा प्रश्न कादंबरी वाचकापुढे ठेवते.

हा प्रश्न आता कल्पनेतला राहिलेला नाही. चाकणच्या मोटार कारखान्यांत वेल्डिंगच्या रांगेत यंत्रमानवी हात काम करतात. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योजकालाही असे यंत्र घ्यावे की दहा कारागीर सांभाळावेत, याचा हिशेब मांडावा लागतो. यंत्राची किंमत आणि घसारा वहीत लिहिता येतो. वीस वर्षे दुकानाशी, शेडशी बांधील राहिलेल्या माणसाचे काय करायचे, त्यासाठी वहीत रकाना नसतो. नारळीकर यंत्राला शत्रू मानत नाहीत. यंत्र माणसाचे काम करू लागल्यावर माणूस काय करणार, एवढेच ते पुनःपुन्हा विचारतात. कादंबरीतील पात्रे काहीशी सरळसोट आहेत, संवादही कधीकधी व्याख्यानासारखे होतात, हे कबूल करावे लागेल. परंतु प्रश्नाची पकड सैल होत नाही.

लहान मुलांना मात्र आरंभी ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा द्यावी. क्रिकेटच्या मैदानावरचा चमत्कार आणि आरशातल्या प्रतिमेप्रमाणे डावा-उजवा झालेला माणूस यांची ती गोष्ट आहे. तिच्या मुळाशी मोबियसची पट्टी आहे. बिलाच्या कागदाची लांब पट्टी कापून तिला अर्धा पीळ द्यावा, टोके चिकटवावीत आणि मुलाला मधोमध पेन्सिलीने रेघ ओढत नेण्यास सांगावे. कागद न उलटता रेघ दोन्ही बाजूंनी फिरून मूळ ठिकाणी येते. पाच मिनिटांत मूल गणिताकडे निराळ्या नजरेने पाहू लागते.

थोरांसाठी एक गोष्ट अवघड आहे. नारळीकरांनी काही सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवून त्यांतील चाळीस-चाळीस ज्योतिषांना देण्यात आल्या. 27 ज्योतिषांची उत्तरे आली. त्यांतील सुमारे 46 टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती. मुहूर्त पाहून गाळ्याचे उद्घाटन आणि पत्रिका पाहून सोयरीक करणाऱ्या घरांत हा आकडा एकदा तरी मोठ्याने वाचला जावा.

विश्वाला आरंभ नाही, या मताकडे त्यांचा कल अखेरपर्यंत राहिला. जैन दर्शनही लोकाला अनादि-अनंत मानते, म्हणून काहींना त्यात आगमाची साक्ष दिसते. तसा मोह आवरावा. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी महास्फोटाचा पक्ष स्वीकारला आहे, आणि नारळीकर आपले अल्पमत पुराव्यांवर मांडत होते, ग्रंथांच्या आधारावर नव्हे.

‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला 2014 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. पुण्यात त्यांनी 1988 मध्ये ‘आयुका’ उभी केली आणि 20 मे 2025 रोजी याच शहरात त्यांचे निधन झाले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवायला सांगत; उत्तराखाली सही मिळे.

सुटीच्या दिवशी चाकणहून नाशिक रस्त्याला लागावे. राजगुरुनगर, मंचर मागे पडून नारायणगाव आले की जवळच खोडदला 45 मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. गाडीत मुलांसाठी ‘आकाशाशी जडले नाते’ ठेवावे. परतीच्या वाटेवर विचारले जाणारे बहुतेक प्रश्न त्यात सापडतील.