आकृतिबंधांचा विवेक

वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर व त्यांचे सहकारी यांनी १९७७ साली घरे व नगरे यांच्या रचनेचे २५३ आकृतिबंध ग्रथित केले आणि त्यांपासून स्फूर्ती घेऊन गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस या चौघांनी १९९४ साली सॉफ्टवेअरचे २३ आकृतिबंध प्रसिद्ध केले. परंतु अनुभवाचे हे दप्तर नवशिक्यांच्या हाती पडताच त्याचा हुकूमनामा झाला. उदाहरणार्थ, या २३ आकृतिबंधांपैकी ‘सिंगलटन’ हा वरकरणी सोयीचा, पण वस्तुतः सार्वत्रिक चलाचाच वेषांतरित अवतार असल्याने चाचणीच्या वेळी त्याची प्रच्छन्न परावलंबने उघडी पडतात, आणि खुद्द गामा यांनीच २००९ साली तो वगळण्याची तयारी दर्शविली (आमच्या मते उशिराच!). जेथे एक साधे फंक्शन पुरते, तेथे त्यांतीलच ‘स्ट्रॅटेजी’ या आकृतिबंधाचा सरंजाम थाटण्यापूर्वी बदल नक्की कोठे संभवतो याची तपासणी कशी करावी, हाच या अंकातील लेखांचा विषय आहे.