फाइल उघडली, रुग्णसेवा थांबली

१८ मार्च २०२१ रोजी आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील एका संगणकावर ई-मेलने आलेली घातक एक्सेल फाइल उघडली गेली. त्या दिवशी कोणाला काही जाणवले नाही. आठ आठवड्यांनी, १४ मे रोजी, खंडणीखोरांनी त्या सेवेची माहिती कुलूपबंद केली. डब्लिनच्या रोटुंडा प्रसूती रुग्णालयाला ३६ आठवडे पूर्ण झालेल्या गर्भवती वगळता बाकीच्यांच्या बाह्यरुग्ण तपासण्या रद्द कराव्या लागल्या. कर्करुग्णांचे रेडिएशन रखडले. कुलपाची चावी आठवड्याभरात फुकट मिळाली, तरी घडी बसायला चार महिने लागले.

नुसती फाइल उघडल्याने संगणक कसा ताब्यात जातो? याचा एक जुना मार्ग म्हणजे मॅक्रो. वर्ड किंवा एक्सेलच्या फाइलमध्येच ठेवलेला हा छोटा प्रोग्रॅम. तोच तक्ता रोज भरणाऱ्याचे तासाभराचे काम तो मिनिटात करतो. एक्सेलमध्ये त्याला 'ऑटो_ओपन' नाव दिले, की फाइल उघडताच तो आपोआप चालतो. 'ऑटो_क्लोज' दिले, की बंद करताना. आपल्याला वाटते आपण कागद वाचतो आहोत. प्रत्यक्षात अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम चालवत असतो. मार्च १९९९ मधला 'मेलिसा' विषाणू असाच पसरला. वर्डची फाइल उघडली, की तो पत्त्यांच्या यादीतील पहिल्या ५० जणांना स्वतःला पाठवी. साथ पसरायला आणखी काय लागते?

पुढे संगणक परवानगी विचारू लागला. मग भामट्यांनी फाइलमध्येच लिहिले, 'मजकूर दिसण्यासाठी वरचे बटण दाबा.' लोक दाबत राहिले. अखेर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. 'पाणी उकळून प्या' असे सांगणे आणि गावाच्या टाकीत क्लोरीन घालणे, यात हाच फरक आहे.

पण टाकीबाहेरचे पाणीही असतेच. आपल्या सरकारी दवाखान्यांत अहवालांचे तक्ते ई-मेल, व्हॉट्सॲप, पेन ड्राइव्ह असे फिरतात. पेन ड्राइव्हमधून आलेल्या फाइलवर 'इंटरनेटवरून आलेली' ही खूण टिकेलच असे नाही. जुन्या ऑफिसमध्ये तर ही अडवणूक नसते. भामटेही आता दुसऱ्या प्रकारच्या फाइलींकडे वळले आहेत.

म्हणून 'कर्मचाऱ्यांनी सावध राहावे' एवढ्या परिपत्रकाने भागणार नाही. गरज नसलेल्या संगणकांवर मॅक्रो बंद हवेत आणि माहितीची एक प्रत नेटवर्कपासून वेगळी हवी. चुकून बटण दाबणाऱ्याला लगेच सांगण्याची भीती वाटता कामा नये. सुई टोचल्याचे लपवले, तर औषधाची वेळ निघून जाते. इथेही तसेच आहे. आयर्लंडमध्ये त्या संगणकावरील अँटिव्हायरसने ३१ मार्चलाच संशयास्पद हालचाल टिपली होती. पण तो फक्त नोंद घेण्यापुरता लावलेला होता, अडवण्यासाठी नव्हे. हाताशी आलेले सहा आठवडे तसेच गेले.