पाटी कोरी, मजुरी स्वस्त



दक्षिण आफ्रिकेतली वर्णभेदी राजवट १९९४ साली संपली. मग शिळ्या कढीला ऊत कशाला, असे आपल्यातलेच काहीजण विचारतात. त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे.

त्या देशात पोराची जागा कायदा ठरवी. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकावर वंशाचा शिक्का बसला. केसांत खोवलेली पेन्सिल अडकते की गळून पडते, यावरून वंश ठरे आणि एकाच घरातल्या माणसांची ताटातूट होई. स्टेशनात दारे वेगळी, डबे वेगळे. पोस्टातली खिडकीसुद्धा वेगळी! सोयी सारख्या असण्याची गरज नाही, हे १९५३ च्या कायद्यातच लिहिलेले होते. सोळा वर्षे भरली की काळ्या पोराच्या खिशात पासबुक हवेच. नसले तर अटक.

हे सारे केवळ कातडीच्या तिटकाऱ्यापोटी चालले काय? नाही! खाणींना आणि मळ्यांना स्वस्त मजूर हवा होता. तो शाळेतच घडवला गेला. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याचा हेतूच तो होता. १९७५-७६ साली सरकार गोऱ्या विद्यार्थ्यामागे ६४४ रँड खर्च करी, काळ्यामागे अवघे ४२! १६ जून १९७६ रोजी सोवेटोची पोरे आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली, तेव्हा पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात पडलेला हेक्टर पीटरसन बारा वर्षांचा होता.

पण केवळ सरकारला आणि मालकाला शिव्या देऊन आपण मोकळे होऊ नये. गोऱ्या कामगारांनी काय केले? १९२२ च्या रँडच्या संपात त्यांनी जगातल्या कामगारांना एक होण्याची हाक दिली, पण ती गोऱ्या दक्षिण आफ्रिकेसाठी! १९२४ साली त्यांचा मजूर पक्ष सत्तेत भागीदार झाला. मग रेल्वेत काळ्यांना काढून त्यांच्या जागी गरीब गोरे भरले गेले. आपली भाकरी वाचवायला त्यांनी भावाचे ताट ओढले आणि मालकाची चौकीदारी पत्करली.

आपण हसू नये. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. एकाशी लढून दुसऱ्याला घरात ठेवता येत नाही.

शेजारच्या पोराची पाटी कोरी राहिली तरच तुमचे ताट भरेल, असे सांगणारा पुढारी भेटला तर त्याला मालकाचा माणूस समजा!

कामगार एकजुटीचा विजय असो!