थेंबाचे माप आणि शेजाऱ्याचा हक्क

ऑक्टोबर छाटणी झाली की इंदापूर तालुक्यात बोरीसारख्या गावांच्या द्राक्षबागांतून ब्लोअरचे आवाज सुरू होतात. बारामतीकडेही डाळिंब आणि भाजीपाल्यावर फवारणी चालूच असते. औषध कोणते, किती मिली, कितीला पडले, याची चर्चा घरोघर होते. नोझलमधून निघणारा थेंब केवढा, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. पिकाचे भले आणि माणसाचा श्वास, दोन्ही त्या थेंबावर अवलंबून आहेत.

हा थेंब मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. मग उडत्या थेंबाला पट्टी कशी लावायची? प्रयोगशाळेत फवाऱ्यातून लेसरचा किरण आरपार सोडतात. थेंबाच्या कडेवरून जाताना प्रकाश वाकून पसरतो. मोठा थेंब त्याला थोडेच पसरवतो, लहान थेंब जास्त. समोरचे प्रकाशमापक कोणत्या कोनात किती उजेड आला ते टिपतात आणि संगणक त्यावरून थेंबांचे आकार काढतो.

चौदाव्या रात्रीचा चंद्र पातळ ढगाआड गेला की त्याला चिकटून रंगीत वलय दिसते, तोही हाच प्रकार. ढगातले थेंब जितके बारीक, तितके वलय मोठे. (चंद्रापासून दूर दिसणारे मोठे खळे बर्फाच्या स्फटिकांमुळे पडते, ते वेगळे.)

या मोजणीत मधला आकार 200 मायक्रॉन आला, तर निम्मे द्रावण त्याहून लहान थेंबांत आणि निम्मे मोठ्या थेंबांत आहे. पण मधल्या आकारावर भागत नाही. 100 मायक्रॉनच्या खाली किती द्रावण आहे, तेही पाहावे लागते. स्थिर हवेत 100 मायक्रॉनचा थेंब 3 मीटर खाली यायला सुमारे 11 सेकंद घेतो. 20 मायक्रॉनचा थेंब चार मिनिटे तरंगतो. तेवढ्यात ताशी 7 किलोमीटरची झुळूकही त्याला चार-पाचशे मीटर नेऊ शकते. तिथे कोणाचे अंगण असते, कोणाची शाळा.

बारीक थेंब पानभर पसरतात, म्हणून ते हवेसे वाटतात. 200 मायक्रॉनच्या एका थेंबाचे 100 मायक्रॉनचे आठ थेंब होतात. पण दम्याच्या पंपातील औषध फुप्फुसात खोल पोहोचावे म्हणून त्याचे कण 1 ते 5 मायक्रॉनचे ठेवतात. औषधाला जी वाट मिळते, तीच विषालाही मिळते. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. कपाशी उंच वाढलेली होती आणि अंगावर संरक्षक साधने नव्हती.

लेसरचे यंत्र आपल्या बांधावर येणार नाही, पण काही गोष्टी आपल्या हाती आहेत. दाब विनाकारण वाढवू नये. दाब वाढला की थेंब बारीक होतो. झिजलेले नोझल बदलावे. तुंबलेले नोझल तारेने टोकरू नये आणि तोंडाने तर कधीच फुंकू नये. मऊ ब्रशने धुवावे. पाणी लागताच निळा होणारा पिवळा कागद पानांत लावला, तर थेंब कुठे, किती पडले ते दिसते. कोणते नोझल घ्यावे, हे बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे.

तोंडाला बांधलेला रुमाल पुरेसा नाही. लेबलवर सांगितलेला मास्क, चष्मा आणि हातमोजे मजुराला देणे ही मालकाची जबाबदारी आहे. ती मजुराच्या हक्काची बाब आहे, मेहेरबानी नव्हे. घरी आल्यावर ते कपडे वेगळे धुवावेत. मुलांनी वडिलांना बिलगण्याआधी त्यांची आंघोळ व्हावी. चक्कर, उलटी किंवा धाप लागली तर औषधाचे लेबल सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा.

आणि वारा शेजारच्या वस्तीकडे असेल, तर त्या दिवशी पंप बंद ठेवावा. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने किती मोठा सांगितला आहे, हे आपण जाणतोच. त्या हक्कात त्याच्या श्वासाची हवाही येते.